चाळीस रिकाम्या कुप्या

१

पाहुण्या डॉक्टरांनी कुपी खिडकीच्या उजेडात धरली, हलवली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

"हिच्यात काहीच नाही," ते म्हणाले.

मग दुसरी उचलली, मग तिसरी. दहावीनंतर त्यांनी बोलणं सोडलं आणि नुसत्या एकेक बाजूला ठेवत गेले. करंगळीएवढ्या काचेच्या चाळीस कुप्या. प्रत्येकीच्या तोंडावर लाल लाखेचं सील, सीलाखालच्या कागदी पट्टीवर तीन सह्या. द्रव झऱ्याच्या पाण्यासारखा नितळ. फक्त त्यात जे असायला हवं होतं ते एकाही कुपीत नव्हतं.

असायला हवा होता कानखडा. माशाच्या डोक्यात, कानाच्या जागी, दोन बाजूंना दोन इवलेसे पांढरे खडे असतात. मासा वाढतो तसा खडाही वाढतो, अंगावर वळी चढवत जातो. पिल्लाच्या खड्यावर तर रोजचं एक वळं. ज्याला ती मोजता येतात त्याला मासा आपलं वय सांगतो, अगदी दिवसांच्या हिशेबात. या सरकारी मत्स्य संशोधन केंद्रात ती मोजणारी एकच होती, इथंच जन्म काढलेल्या दादांची लेक. गेल्या वर्षी तलावातल्या चाळीस पिल्लांचे खडे मोजून तिनं लिहिलं, ही पिल्लं याच वर्षी, याच तलावात जन्मली आहेत. जी जात संपली म्हणून सगळ्यांनी हात झटकले होते ती गुपचूप अंडी घालत होती. त्या एका अहवालावर विणीच्या दिवसांत तलावातली जाळी बंद झाली. आणि आता शुक्रवारी समिती येणार होती, तेच खडे पुन्हा मोजून बघायला.

"सील शाबूत, सह्या शाबूत, खडे नाहीत," डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मुख्य कचेरीतून पुढची तयारी बघायला आलेला हा माणूस आवाज कधी चढवत नसे, म्हणून त्याचं बोलणं जास्त लागायचं. "याचा अर्थ एकच होतो. खडे कधी नव्हतेच."

"होते." दादांची लेक पुढे आली. "मी माझ्या हातानं ठेवलेत, चिमट्यानं, एकेक करून."

"मग गेले कुठे? पंख फुटले?"

तिनं एक कुपी उचलून पुन्हा उजेडात धरली.

"आज मंगळवार. शुक्रवारी समितीसमोर मला काहीतरी सांगावं लागेल. तोवर उत्तर मिळालं नाही, तर खोट्या नोंदी असं लिहीन. त्याचा अर्थ तुम्हाला कळतो."

कळत होता. नोकरी जाईल हे एक. पण खोट्या नोंदींचा शिक्का बसलेल्या माणसाला पुन्हा कुठलीच प्रयोगशाळा दारात उभं करत नाही. दादांची लेक जिन्यानं वर धावली. आत्याकडे.

२

इमारत तीन मजल्यांची. खाली माशांचं खातं, कारण पाण्याच्या टाक्यांचा भार वर झेपत नाही. मधे वन्यजीवांचं. आणि सगळ्यांत वर भूशास्त्र. जमिनीचा अभ्यास करणारे जमिनीपासून सगळ्यांत लांब, हा इमारतीतला जुना विनोद.

मधल्या मजल्यावर आत्या बाह्या सारून नळाखाली चाळण धुवत होती. तिला सगळे पाऊलबाई म्हणत. ओल्या मातीतलं एक पाऊल बघून ती सांगायची, मादी आहे, पोटुशी आहे, डावा पाय दुखतोय, आणि तहान लागल्यावर इथून गेली. चाळण धुताना ती स्वतःशीच गुणगुणत होती, कुणी न शिकवलेलं:

वाट सांगते वाटेला, कोण गेलं, कोण आलं,
ओल्या मातीच्या मनात पाऊल ते राहून गेलं.

चाळणीत पाणमांजराची विष्ठा होती. आईविना सापडलेलं पिल्लू वर्षभरापूर्वी इथं आलं, त्याचं नाव पडलं बुडबुड. बुडबुडनं काय खाल्लं आणि त्यातलं काय शाबूत बाहेर पडलं, याची पाऊलबाई रोज नोंद ठेवायची. ते कळलं की रानातल्या पाणमांजरांचं जेवण त्यांच्या विष्ठेवरून सांगता येतं. लोक नाक मुरडायचे. पाऊलबाई म्हणायची, "ताटातलं सगळेच बघतात, खरं काय ते मागाहून कळतं."

भाचीनं सगळं सांगितलं. पाऊलबाईनं हात पुसले.

"रडायचंय तर आत्ताच रडून घे. नंतर वेळ नाही."

"मी नाही रडत."

"मग नाक कशाला ओढतेस? चल, कुप्या दाखव मला."

पेटीपाशी बसून तिनं एकेक कुपी नुसती पाहिली. सील तोडायची परवानगी नव्हती. ते समितीसमोरच तुटणार होतं. एका कुपीवर तिनं भिंग धरलं आणि बराच वेळ हललीच नाही. तळाशी, काचेच्या खोबणीत, पिठाच्या चिमटीचा असावा तसा पांढुरका डाग होता. दुसरीतही होता. चाळीसच्या चाळीस कुप्यांत होता.

"पोरी," ती हळूच म्हणाली, "जो उठून गेला त्याचा माग वाटेवर असतो. हा माग तर बसल्या जागेवर आहे."

३

तरी वाट बघितल्याशिवाय सोडायची नाही, ही तिची सवय. पेटी सात महिने तळघरात होती आणि तळघराच्या किल्ल्या कोठार सांभाळणाऱ्या कुलूपरावांच्या कमरेला. हा माणूस स्वतःच्या चहाच्या कपालाही कुलूप लावील अशी ख्याती.

"माझ्यावर संशय?" कुलूपराव खुर्चीतून अर्धे उठले. "बाई, तीस वर्षांत या कोठारातून टाचणी गेली नाही!"

"टाचणी मागायला गेलं तरी मिळत नाही, हेही खरं," पाऊलबाई म्हणाली. "संशय नाही हो. खाली कोण कोण जातं?"

"मी. दर सोमवारी. बघतो, कुलपं हलवतो, परत येतो."

हे तपासायचं कसं, ते पाऊलबाईला ठाऊक होतं. वरच्या मजल्यावर भूकंपकाका राहत, म्हणजे घर असूनही तिथंच राहत. त्यांचं जमिनीची थरथर टिपणारं यंत्र त्याच तळघराच्या फरशीत बसवलेलं होतं, आणि वर त्यांच्या खोलीत सुई कागदावर रेघ ओढत राही.

"खाली कुणी शिंकलं तरी माझी सुई दचकते," भूकंपकाकांनी कागदाच्या गुंडाळ्या टेबलावर पसरल्या. "सात महिने ना? हे बघा तुमचे कुलूपराव. सोमवार, अकरा पायऱ्या, सातवीवर थांबणार."

"गुडघा दुखतो त्यांचा."

"पृथ्वीचं पोट दुखतंय का बघायला मी बसलोय, आणि माझ्याकडे जमा होतात कुलूपरावांचे गुडघे!"

दोघांनी दुपारभर रेघा बघितल्या. सोमवारच्या पावलांशिवाय तळघरात कुणीच उतरलं नव्हतं. कुलूपरावही आत गेले की लगेच मागे फिरत. पेटीच्या कपाटाला दोन कुलपं होती. ती उघडून चाळीस सीलं काढून पुन्हा बसवायची म्हणजे अख्खा दिवस हवा. एवढा वेळ तिथं कुणी थांबलंच नव्हतं.

उतरताना ती पुन्हा कोठारापाशी थबकली. दारामागे दोन पांढरे डबे शेजारी शेजारी उभे होते, जुळ्या भावांसारखे.

"यात काय आहे, कुलूपराव?"

"एकात स्पिरिट, एकात फॉर्मालिन. पूर्वी स्पिरिट निळ्या डब्यात यायचं. गेल्या वर्षीपासून दोन्ही पांढऱ्यात येतात. मी चिठ्ठ्या लावल्यात की!"

"चिठ्ठ्या वाचतो कोण?"

"कुप्या भरणारे भरणीवाले नाहीच वाचत," कुलूपराव हसले. "झाकण उघडलं की नाक सांगतं म्हणतात. तुमचे दादा तर तीन टेबलांवरून ओळखतात."

पाऊलबाईच्या पायाखालची फरशी हलली. भूकंपकाकांच्या सुईला मात्र ते कळलं नसावं. माशांच्या खात्यातलं शेंबडं पोरही सांगेल: कानखडा स्पिरिटमध्ये वर्षानुवर्षं टिकतो. फॉर्मालिन जुनं झालं की आंबतं, आणि त्यात खडा साखरेसारखा विरतो. मागे उरतो चिमूटभर पांढुरका डाग.

४

"कुप्या भरल्या कुणी?" तिनं भाचीला विचारलं.

या केंद्राची रीत ठरलेली होती. मोजणारीनं खडा ठेवायचा, भरणाऱ्यानं वरून द्रव भरायचा, कोठारवाल्यानं लाख ओतायची. तिघांनी पट्टीवर सही करायची. भरणारे म्हणजे दादा, पाऊलबाईचे थोरले भाऊ, पस्तीस वर्षं त्या एकाच खोलीत.

भाची खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मी."

"सही तर दादाची आहे."

"बाबांना बरं नव्हतं त्या दिवशी. भरल्या मी, सही त्यांनी केली. डबा चुकला असेल माझ्याकडून. आत्या, शुक्रवारी मी तसंच सांगणार आहे. तू यात पडू नकोस."

पाऊलबाईनं पेटी पुढे ओढली. चाळीस कुप्या, आणि चाळीसही कुप्यांत द्रवाची पातळी एकाच रेषेवर, गळ्याच्या बरोबर एक नखभर खाली. सुतारानं गुण्या लावावा तशी.

"तू चहा ओतलास तर बशीत निम्मा," ती म्हणाली. "हा हात तुझा नाही. पावलावरून जनावर ओळखते मी, मला माझ्या भावाचा हात ओळखू येणार नाही?"

भाचीचे डोळे भरून आले. ओठ मात्र तिनं असे घट्ट मिटले की जणू त्यांच्यावरही लाख ओतली होती.

पाऊलबाईला कोडं पडलं ते आता. दादानं फॉर्मालिन ओतलं हे दिसत होतं. पण दादाच्या नाकासमोरून फॉर्मालिन जाणं म्हणजे कुत्र्यासमोरून मांजर जाणं. त्या नाकानं अडवलं कसं नाही?

५

आधी द्रव स्पिरिट नाही एवढं तरी सिद्ध करायला हवं होतं, तेही सील न तोडता. बुधवारी संध्याकाळी तिनं डॉक्टरांच्या देखत दोन कुप्या मासे गोठवायच्या पेटीत ठेवल्या. एक त्या चाळिसांतली, दुसरी आत्ताच स्पिरिटनं भरलेली.

"स्पिरिट या थंडीत गोठत नाही, बरोबर ना डॉक्टर?"

"बरोबर."

गुरुवारी सकाळी स्पिरिटची कुपी तशीच खळखळत होती. दुसरीत बर्फाचा पांढरा खिळा उभा होता.

भाचीनं श्वास सोडला. डॉक्टरांनी दोन्ही कुप्या हातात घेऊन नीट निरखल्या आणि मान हलवली.

"छान विचार केलात, बाई. मनापासून सांगतो. पण पाणीसुद्धा गोठतं. नुसतं पाणी भरून लाख लावली असेल तर? आणि समजा, उद्या फॉर्मालिन निघालंच. त्यात कधीकाळी खडे होते याला पुरावा काय? फॉर्मालिन भरायला खडे लागत नाहीत."

पाऊलबाईनं सील असलेली कुपी परत तिच्या जागी ठेवली. ज्याचा मागच विरून गेला त्याचा माग काढायचा कसा?

६

विचार करायला ती नेहमी बुडबुडच्या खोलीत जाई, कारण तिथं सहसा कुणी येत नसे. पाणमांजराच्या खोलीचा दर्प असा की दार उघडताच डोळे मिटावेत. गेले कित्येक महिने तिथं मुक्कामाला एकच माणूस यायचा. आत्ताही होता. दादा स्टुलावर बसून, मांडीवर डबा उघडून, शांतपणे जेवत होते. लळा लागलाय म्हाताऱ्याला, असं सगळे कौतुकानं म्हणत.

पाऊलबाई पदराखाली नाक धरून दारात उभी राहिली, आणि तशीच उभी राहिली.

इथं? जेवण?

तिला गेल्या हिवाळ्यातला दादाचा मोठा ताप आठवला. त्यानंतरची एक सकाळ आठवली: दूध करपून घर धुरानं भरलं होतं आणि दादा चुलीशेजारी बसून पेपर वाचत होते. कान गेले की काय, असं म्हणून तेव्हा ती हसली होती. कान नव्हते गेले.

"दादा," ती म्हणाली, "इथं वास कसा येतोय रे?"

दादांचा घास हातातच थांबला. "येतोय की. पाणमांजराचा."

"मी आत्ता येताना दाराशी फिनेलची अख्खी बाटली ओतली." ओतली नव्हती.

"हां, तोच. फिनेलचा."

त्यांनी वर बघितलं, आणि बहिणीच्या चेहऱ्यावर त्यांना कळलं की ते पकडले गेलेत. हळूच डबा बंद केला.

"कुणाला सांगू नकोस," ते म्हणाले. "भरणीच्या खोलीत नाक नसलेल्या माणसाला ठेवत नाहीत. वर्षच उरलंय माझं. मी जपून करतो. चष्मा लावतो, पंखा लावतो. डबे मला जागेवरून पाठ आहेत, भिंतीकडचा स्पिरिटचा, दाराकडचा..."

"दोन्ही पांढरे आहेत, दादा, गेल्या वर्षीपासून. जागा बदलली की संपलं."

बुडबुडनं पाण्यात सूर मारला. दादांच्या चष्म्यावर थेंब उडाले. ते पुसायचं त्यांना सुचलं नाही.

"म्हणजे पोरीचे खडे..." ते म्हणाले. "पोरीचे खडे मी खाल्ले."

"तिला ठाऊक आहे. म्हणून ती आळ स्वतःवर घेतेय."

"ठाऊक आहे? आणि बोलली नाही?"

"तू बोललास का तिच्याशी? बापाचीच लेक ती."

दादा पाण्याकडे वळले. मग, मन दुसरीकडे वळवावं तसं म्हणाले, "ती चाळीस पिल्लं हिनंच गिळली होती. आठवतं? उजवा खडा काढून घेतला आणि मासे पोरीनं हिला दिले. दोन दिवस पोट टम्म. मी इथंच..."

"काय म्हणालास?"

"पोट टम्म म्हणालो."

"त्याच्या आधी! उजवा खडा काढला. आणि डावा?"

"डावा कोण काढतं? डावा माशातच..."

पाऊलबाई दारातून नाहीशी झाली होती. जिन्यावरून तिच्या चपलांचा असा धडधडाट झाला की वर भूकंपकाकांनी कागदावर तारीख-वेळ लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

७

शुक्रवारी लांब टेबलाभोवती समितीचे तिघे, पाहुणे डॉक्टर आणि केंद्रातले लोक बसले होते. भाची उठायच्या आत दादा उठले.

"बस गं," ते लेकीला म्हणाले. "साहेब, कुपी मी उघडतो. भरली मीच होती."

"बाबा, नको!"

त्यांनी लाख फोडली, बूच काढलं आणि कुपी टेबलाच्या मधोमध ठेवली. क्षणात समितीच्या बाईंनी रुमाल नाकाला लावला, शेजारचे गृहस्थ खोकत खुर्चीसकट मागे सरकले, कुलूपराव खिडकीकडे धावले. डॉक्टरांनी पाणावलेले डोळे मिटत म्हटलं, "फॉर्मालिन. आणि आंबलेलं."

दादांनी कुपी उचलली, नाकाशी नेली, आणि सगळ्या खोलीदेखत एक लांब, संथ श्वास घेतला. डोळ्यांना झोंबलं, ते लाल झाले. चेहऱ्यावरची बाकी एक रेघही हलली नाही.

"मला काही वास येत नाही," ते म्हणाले. "वर्ष झालं. मी लपवलं. डबा चुकला, खडे विरले. मुलीनं मोजलं ते खरं होतं."

कुलूपरावांनी त्यांच्या हातातली कुपी घेऊन बूच लावलं. मग डॉक्टर सावकाश म्हणाले, "तुमचं मी मानतो. पण खडे होते हे..."

"ते माझ्याकडे आहेत," पाऊलबाई म्हणाली.

तिनं टेबलावर कागदाच्या पुड्या मांडल्या, प्रत्येकीवर तारीख. मासे पाणमांजराच्या पोटात गेले होते. त्यांचे डावे खडे दोन-तीन दिवसांनी विष्ठेतून बाहेर पडले. पाऊलबाईनं नेहमीप्रमाणे धुऊन, वाळवून, पुडीत बांधून ते कपाटात टाकले आणि ती विसरून गेली. खडे जपून ठेवायची जागा माशांच्या खात्यात, म्हणून कुणी वर शोधलंच नाही. गुरुवारची उरलेली दुपार दोघींनी भिंगाखाली काढली होती. चाळिसांतले सव्वीस सापडले. नऊ पार झिजलेले. सतरांवर वळी वाचता येत होती.

"आम्ही मोजलेलं सांगत नाही," ती म्हणाली. "तुम्हीच मोजा."

डॉक्टरांनी कोट काढून खुर्चीवर टाकला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. एक तास गेला, मग दुसरा. समितीनं चहा घेतला, डॉक्टरांचा निवून गेला. शेवटी त्यांनी आपला कागद भाचीच्या नोंदवहीशेजारी ठेवला. कुठला खडा कुठल्या माशाचा ते आता सांगता येत नव्हतं. पण नोंदवहीतलं सगळ्यांत धाकटं पिल्लू एकशे चार दिवसांचं होतं आणि सगळ्यांत थोरलं एकशे एकतीस. डॉक्टरांचे सतराही आकडे त्या दोहोंच्या मधे बसत होते.

"त्याच वर्षीची," डॉक्टर म्हणाले. "याच तलावातली. जाळीबंदी आहे तशी राहावी, आणि यंदा खडे पुन्हा गोळा करावेत." मग भाचीकडे वळून, चष्मा न पुसता: "मंगळवारी मी जे बोललो ते परत घेतो. माफ करा."

तिनं मान हलवली. ती डॉक्टरांकडे बघतच नव्हती. बापाकडे बघत होती, आणि तो खिडकीबाहेर.

८

भरणीच्या खोलीची किल्ली दादांनी त्याच संध्याकाळी परत केली. केंद्रप्रमुख साहेबांनी त्यांना कचेरीत, कागदांच्या टेबलावर बसवायचं ठरवलं होतं. सोमवारी सकाळी भाचीनं साहेबांच्या दारात जाऊन सांगितलं, यंदा चाळीस नाही, दोनशे खडे मोजायचेत, मला दुसरा मोजणारा हवा. डोळे चांगले आणि हात स्थिर असला म्हणजे पुरे.

साहेबांनी थोडे आढेवेढे घेतले. ती दारातून हलली नाही.

दुपारी पाऊलबाई खाली उतरली तेव्हा मोजणीच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. दादा सूक्ष्मदर्शकावर वाकले होते, लेक पाठीमागे हाताची घडी घालून.

"मधून सुरुवात करायची, बाबा. बाहेर बाहेर जायचं. किती?"

"एकशे बारा."

"पुन्हा."

दादांनी चष्मा कपाळावर सारला. "एकशे अकरा."

"पुन्हा."

"अगं, एका दिवसानं काय बिघडतं? म्हातारा होतो का तो मासा?"

"पुन्हा, बाबा."

"तुझी आई बरी होती," दादा पुटपुटत भिंगावर वाकले, "ती एकदाच विचारायची."